घ्यावं की राहू द्यावं : जुना डिजिटल रेंजफाइंडर

यंदा प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. या सदरात आपण जुनी कॅराव्हॅन पाहिली, वापरलेला पियानो पाहिला, गेल्या दिवाळीत तर मागच्या अंगणातल्या तयार खोल्यांपर्यंत मजल गेली. त्या मानाने हा विषय हातात मावणारा आहे. पण गणपतीपासून आजपर्यंत तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत मला हेच विचारलं, आणि त्यातल्या एकाचा प्रश्न इतका नेमका होता की तोच तुमच्यापुढे ठेवतो.

ते लिहितात : “लायका एम ९ मिळतोय. २०१० सालचा, काळा, दिसायला नवाकोरा. विकणारा खासगी माणूस आहे, ३,८०० डॉलर म्हणतो, भिंग वेगळं घ्यावं लागेल. डिसेंबरात आई साताऱ्याहून येतेय. वय ८४. डॉक्टरांनी यंदा परवानगी दिलीय, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. तिचे तीन महिने नीट टिपून ठेवायचेत. बायको म्हणते, फोन आहे की हातात. घेऊ का?”

आधी त्यांच्या बायकोबद्दल. दहापैकी आठ वेळा त्यांचंच म्हणणं बरोबर ठरेल. पळणारं नातवंड, केकवरच्या मेणबत्त्या, गाडीतून उतरणारी आजी, हे सगळं आजचा फोन पंधरा वर्षांपूर्वीच्या कुठल्याही लायकापेक्षा सहज टिपतो. तेव्हा पुढचं सगळं उरलेल्या दोन वेळांसाठी आहे असं समजून वाचा.

रेंजफाइंडर हे नाव परकं वाटलं, तरी वस्तू तुमच्या घरात होऊन गेलेली असण्याची शक्यता बरीच आहे. आपल्या आईवडिलांच्या पिढीत कॅमेरा म्हणजे बहुतेक घरांत बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री. त्यात फोकस नावाची भानगडच नव्हती. पण ज्यांचे काका बोटीवर किंवा आखातात होते, त्यांच्याकडे कधीतरी याशिका इलेक्ट्रो ३५ यायचा. १९६६ साली निघालेला, वजनदार, पुढे दोन खिडक्या असलेला. तो रेंजफाइंडर. दोन खिडक्यांतून दोन प्रतिमा येतात, आतल्या आरशाने त्या एकावर एक पडतात. मधल्या लहानशा उजळ चौकोनात माणसाची दोन नाकं दिसतात, भिंगाची कडी फिरवली की दोन्ही नाकं सरकत सरकत एक होतात, आणि ती एक झाली की फोकस बसला.

माझी नोकरी सर्व्हेची, म्हणून मला यात जरा जास्तच रस. हे सरळसरळ त्रिकोणमितीचं काम आहे. दोन खिडक्यांमधलं अंतर हा पाया, समोरचं माणूस हा शिरोबिंदू, आणि आरसा किती वळला यावरून अंतर कळतं. एम ९ मध्ये हा पाया ६९.२५ मिलिमीटर आहे. दृश्य ०.६८ पट लहान दिसतं, म्हणून उपयोगी पाया उरतो सुमारे ४७ मिलिमीटर. एवढ्याशा पायावर दोन मीटरवरच्या माणसाची पापणी धारदार यावी अशी आपली अपेक्षा असते! तीही पूर्ण होते, पण यंत्र अचूक जुळवलेलं असेल तरच. हे वाक्य लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी लागेल.

या पद्धतीचा खरा गुण फोकसमध्ये नाहीच, पाहण्यात आहे. तुम्ही भिंगातून बघत नसता, स्वच्छ काचेच्या खिडकीतून बघत असता. त्यात पांढऱ्या रेषांची चौकट तरंगते. चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, म्हणजे आई कोपऱ्यातून येताना आधीच दिसते. शटर पडण्याच्या क्षणीही चित्र काळं होत नाही. आणि उजव्या डोळ्याने बघत असाल तर तुमचा डावा डोळा, अर्धा चेहरा समोरच्याला दिसत राहतो. आपल्याकडची वडीलधारी माणसं फोन वर धरला की पदर सारखा करून ताठ बसतात. डोळ्याशी छोटा कॅमेरा धरून गप्पा मारणाऱ्या मुलापुढे ती तितकी ताठ राहत नाहीत. हा मात्र माझा अनुभव, सिद्धान्त नव्हे.

आंरी कार्तिए-ब्रेसाँनी आयुष्यभर लायका वापरला. ३० जानेवारी १९४८ ला ते दिल्लीत गांधीजींना भेटून गेले आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्यांनी टिपलेले ते दिवस जगाने पाहिले. इकडे न्यूकॅसलचा ट्रेंट पार्क, मॅग्नम या संस्थेत पोचलेला ऑस्ट्रेलियन, त्याने सिडनीचे रस्ते लायकावरच टिपले. हे सगळं खरं आहे आणि विक्रेते हे सगळं तुम्हाला सांगतील. पण ते दोघेही फिल्मवर काम करत होते. फिल्मच्या कॅमेऱ्याला पन्नास वर्षांनी तेलपाणी केलं की तो पुन्हा चालतो. डिजिटलची गोष्ट निराळी, आणि पैसे नेमके त्या फरकात बुडतात.

फरक समजण्यासाठी थोडं आत शिरायला हवं. रेंजफाइंडरमध्ये भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा नसतो, म्हणून भिंग फार जवळ बसवता येतं. लायकाच्या एम मालिकेत हे अंतर २७.८ मिलिमीटर, निकॉनच्या नेहमीच्या एसएलआरमध्ये ४६.५. त्यामुळे भिंगं लहान आणि देखणी होतात. पण कडेला पोचणारे किरण फार तिरपे पडतात. फिल्मला त्याचं काही नाही. सेन्सर मात्र एकेका बिंदूची खोल वाटी असतो, तिरप्या किरणांनी तिचा तळ उजळत नाही. म्हणून बरीच वर्षं लोक म्हणत की डिजिटल रेंजफाइंडर होणंच कठीण.

पहिला करून दाखवला तो एप्सनने, २००४ साली. प्रिंटरवाली एप्सन, होय. आर-डी १ हे त्याचं नाव, यंत्राचा सांगाडा जपानच्याच कोसिना कंपनीचा, सेन्सर ६.१ मेगापिक्सेलचा आणि फिल्मपेक्षा लहान. वर घड्याळासारख्या तबकड्या : किती फोटो उरले, बॅटरी किती, सगळं काट्यांवर. प्रत्येक फोटोनंतर फिल्मसारखी तरफ ओढायची, कारण शटर त्यानेच चढतं. मागचा पडदा उलटा करून झाकून टाकता येतो. मला विचाराल तर आजवरच्या डिजिटल कॅमेऱ्यांत इतकी लाघवी वस्तू दुसरी झाली नाही. तरीही आमच्या पत्रलेखकांना मी तो सुचवणार नाही. सुरुवातीची मॉडेलं २ जीबीपर्यंतचीच साधी एसडी कार्डं घेतात आणि ती आता शोधावी लागतात. सुटे भाग हा तर विषयच नको. संग्रहासाठी घ्या, आईच्या भेटीसाठी नको.

मग २००६ साली लायकाचा एम ८ आला. कोडॅकचा १०.३ मेगापिक्सेलचा सीसीडी सेन्सर. तिरप्या किरणांवर उपाय म्हणून कडेची सूक्ष्मभिंगं सरकवून बसवली आणि सेन्सरवरची संरक्षक काच अगदी पातळ ठेवली, अर्धा मिलिमीटर. इथे एक गंमत झाली. ती काचच अवरक्त किरण गाळायचं काम करते. ती पातळ झाल्यावर अवरक्त प्रकाश आत झिरपला आणि काळं कृत्रिम कापड फोटोत वांगी रंगाचं दिसायला लागलं. म्हणजे संक्रांतीला हळदीकुंकवाला सगळ्या जमल्यात, कुणी पॉलिस्टरची काळी साडी नेसली आहे, आणि फोटोत ती चक्क जांभळी! कंपनीने तेव्हा ग्राहकांना भिंगापुढे लावायचे दोन फिल्टर फुकट दिले. आजही एम ८ घेणाऱ्याने प्रत्येक भिंगाला असा फिल्टर धरूनच हिशेब करावा. शिवाय सेन्सर १.३३ पट लहान, म्हणून ३५चं भिंग साधारण ४७सारखं वागतं, ५०चं ६७सारखं. घरातल्या खोलीत मागे सरकायला भिंत आडवी येते. या दोषातून एक सुख निघतं तेही सांगतो. योग्य फिल्टर लावला तर एम ८वर कृष्णधवल अवरक्त फोटो फार सुरेख येतात. गमट्रीची पालवी बर्फासारखी पांढरी दिसते. दुसरा कॅमेरा म्हणून स्वस्तात मिळाला तर या एका गोष्टीसाठी मी तो घेईन.

आता एम ९. ९ सप्टेंबर २००९ ला जाहीर झाला, ९-९-०९, मुहूर्त त्यांनाही चुकत नाहीत. १८ मेगापिक्सेल, पुन्हा कोडॅकचा सीसीडी, पण या वेळी सेन्सर फिल्मएवढा पूर्ण. जुनी भिंगं पुन्हा आपापल्या मूळ नजरेने बघू लागली. एम ८ची जांभळी साडी टाळायची म्हणून काच वेगळी निवडली, पातळच पण अवरक्त प्रकाश जोरात शोषणारी. आणि तीच नडली. ही काच दमट हवा सोसत नाही. तिच्यावरच्या लेपाला कुठे ओरखडा असला, सेन्सर पुसताना बारीकसा घसरा बसला, की ओल शिरते आणि काच आतून कुजायला लागते. २०१४ साली कंपनीने हे मान्य केलं आणि पुढे अनेक वर्षं सेन्सर फुकट बदलून दिले, सुधारित काचेचे. मग मोफत बदल मर्यादित केला आणि अखेर सेन्सरच संपले. ते नव्याने बनवणारंही कुणी नाही. कोडॅकने आपला सेन्सर विभाग २०११ मध्ये विकून टाकला, २०१२च्या जानेवारीत कंपनी स्वतः दिवाळखोरीत गेली, आणि विकलेला विभाग पुढे २०१४ मध्ये आणखी एका कंपनीने घेतला. एम-ई आणि पहिला एम मोनोक्रोम यांच्या सेन्सरवरही हीच काच आहे, तेव्हा नाव बदललं म्हणून फसू नका.

अमेरिकेत काही खासगी कारागीर नुसती काच बदलून देतात. तो मार्ग आहे. पण कॅमेरा महासागर ओलांडून जाणार, येणार, विमा, महिने. आई तोवर साताऱ्याला परतलेल्या असतील.

म्हणून एम ९ बघायला जाल तेव्हा बाकी सगळं सोडा, आधी हे करा. स्वतःचं एसडी कार्ड आणि लॅपटॉप न्या. भिंग एफ १६ वर ठेवा आणि निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम आउट ऑफ फोकस फोटो काढा. लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरा. धूळ नुसता काळपट ठिपका दिसते, आणि ती पुसता येते. कुजलेल्या जागी काळपट ठिपक्याभोवती उजळ कडं दिसतं, पाण्यात तेलाचा थेंब पडल्यासारखं. असं एक कडं दिसलं तरी किंमत निम्म्यावर यायला हवी, आणि बोली तिथे येत नसेल तर चहा पिऊन निघून या. सेन्सर बदललेला आहे असं सांगत असतील तर कागद मागा. कॅमेऱ्यातल्या छुप्या सर्व्हिस मेन्यूत सेन्सरचा क्रमांक दिसतो, बदललेल्याला १५ असतो. तो मेन्यू विक्रेत्यालाच उघडू द्या. आत बरंच काही बिघडवता येतं आणि बिल तुमच्या नावावर फाटेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे ठिपके भिंग बारीक केल्यावरच ठळक दिसतात. एफ २, एफ २.८ वर खिडकीशी बसलेल्या आईचा फोटो काढलात तर कुजलेल्या काचेनेही तो सुंदर येईल, कडं कुठे विरघळलं ते शोधून सापडणार नाही. म्हणजे तीन महिन्यांच्या कामाला असा कॅमेरा चालेलसुद्धा. पण रोग वाढत जातो, आणि एप्रिलमध्ये तो विकायला काढाल तेव्हा समोरचाही हाच लेख वाचून आलेला असेल.

दुसरी तपासणी रेंजफाइंडरची. लांबचा मनोरा, टेकडीवरचा खांब, रात्री गेलात तर चंद्र. भिंगाची कडी अनंतावर टेकवा आणि मधल्या चौकोनात बघा. दोन प्रतिमा अगदी एक व्हायला हव्यात, आडव्याही आणि उभ्याही. मग जवळची. टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवा, एक मीटरवरून एका आकड्यावर फोकस करून भिंग पूर्ण उघडं ठेवून फोटो काढा. ५०च्या भिंगाला एफ २ वर इतक्या जवळून जेमतेम चार-पाच सेंटिमीटर खोली धारदार मिळते. पट्टीवर धार तुमच्या आकड्याच्या पुढे-मागे गेली, तर आईच्या डोळ्यांऐवजी कानातल्या कुड्या स्वच्छ येतील. हा दोष दुरुस्त होतो, जाणत्या कारागिराचं तासाभराचं काम आहे, पण ते पैसे किमतीतून वजा करून मागा. शटर वेगवेगळ्या वेगांवर दहा-वीस वेळा मारा. बॅटरी किती जुनी ते विचारा. एम ९चं काही एसडी कार्डांशी पटत नाही, म्हणून विक्रेता स्वतः कुठलं वापरतो तेही विचारून घ्या.

तिसरी तपासणी तुमची. ही कुणी करत नाही म्हणून सविस्तर लिहितो. आपण बहुतेक वाचक पन्नाशीच्या अल्याडपल्याड. लायकाच्या खिडकीत चष्म्याच्या नंबरची फिरकी नाही. ती ठरलेल्या, किंचित उणे अर्ध्या नंबरावर बसवलेली असते. बायफोकल लावून बघितलंत तर चौकटीच्या बाहेरच्या रेषा दिसतच नाहीत, २८च्या भिंगाच्या तर विसराच. चष्मा काढून बघायचं तर खिडकीला स्क्रूने बसणारी नंबराची काच वेगळी विकत घ्यायची. आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल, किंवा नंबर तिरपा असेल, तर दोन नाकं एक झाली की नाही तेच कळत नाही. मग कॅमेरा कितीही निरोगी असो. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांचं नाक पडद्यावर घासतं, ते चालत असेल तर चालवा.

हे सगळं पैसे न खर्चता तपासता येतं, आणि इथे काकांचा याशिका कामाला येतो. पुण्या-मुंबईच्या माळ्यावर असेल तर यंदा आईंच्याच सामानातून मागवा. नसेल तर इथे बाजारात दीडशे-दोनशे डॉलरमध्ये चालू स्थितीत मिळतो. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, पण सहा व्होल्टची बॅटरी छोट्या अडॅप्टरमध्ये बसते आणि काम भागतं. फिल्म घालायची गरजही नाही. आठ दिवस घरात नुसता डोळ्याला लावून हिंडा. बायकोच्या नाकावर फोकस करा, कुत्र्याच्या, कपाटाच्या मुठीवर. सातव्या दिवशीही हात आपोआप कडीकडे जात असेल तर तुमचं आणि रेंजफाइंडरचं जमणार. कंटाळा आला असेल तर ३,८०० डॉलर वाचले. याशिका पुन्हा माळ्यावर, किंवा शोकेसमध्ये. मेलबर्नकरांना आणखी एक वाट आहे. साऊथ मेलबर्नमध्ये १८९१ पासून चालत आलेला मेलबर्न कॅमेरा क्लब आहे. अशा ठिकाणी लायका गळ्यात अडकवलेलं कुणीतरी भेटतंच, आणि अशी माणसं आपला कॅमेरा दाखवायला आपल्या सुनेच्या माहेरच्यांइतकीच उत्सुक असतात.

प्रकाशाचंही बोलून घेऊ, कारण आपली दिवाळी इथे वसंतात येते. मेलबर्नला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पावणेआठ-आठपर्यंत उजेड असतो. पणत्या लावल्या तरी आकाश पांढरंच. या जुन्या सीसीडीला लख्ख उजेडाची टोकं सहन होत नाहीत, पांढरं धोतर किंवा चुन्याची भिंत एकदा जळाली की जळाली. तेव्हा फोटो किंचित काळोखा काढायचा आणि नंतर सावल्या उजळायच्या. उलट आत देवघरात, दिव्याच्या उजेडात, एम ९ वर आयएसओ ८०० पर्यंत माझं मन स्वस्थ असतं. आकडे २५०० पर्यंत आहेत, पण तिथे त्वचेवर रांगोळी सांडल्यासारखे कण येतात. तुमचा फोन याच जागी पाच-सात फोटो जोडून एक गुळगुळीत चित्र करून देतो. कुणाला ते आवडतं, कुणाला कण. आणि सीसीडीचे रंग अलौकिक असतात हे जे ऐकू येतं, त्यासाठी मी जास्तीचे पैसे देणार नाही. रंगाचा बराचसा भाग सेन्सरवरच्या रंगीत गाळण्या आणि नंतरची संगणकातली प्रक्रिया ठरवते. फाइल डीएनजी या खुल्या स्वरूपात मिळते हे मात्र मोलाचं, नातवंडांच्या काळातही ती उघडण्याची आशा धरता येते.

आता हिशेब, कारण ३,८०० हा आकडा खरा नाही. त्यात भिंग नाही. लायकाचं स्वतःचं ५०चं भिंग जुनं घेतलं तरी कॅमेऱ्याच्या निम्मं होऊन बसतं. मी असतो तर व्हॉइग्टलँडर नावाखाली कोसिना बनवते त्यांतलं एखादं ३५ किंवा ५०चं बघितलं असतं. वापरलेलं भिंग घेताना मागून टॉर्च मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. चामड्याच्या पेटीत बंद करून ब्रिस्बेनच्या किंवा कोकणच्या हवेत ठेवलेल्या भिंगांत ती हमखास. नंबराची काच, एक जादा बॅटरी, घराच्या विम्यात बाहेर नेण्याची वस्तू म्हणून वेगळी नोंद. बेरीज पाच हजारांच्या आत राहिली तर मला कळवा.

जपानमधून स्वस्त मिळतो असं सांगणारे भेटतील. मिळतो, आणि तिकडचे विक्रेते वस्तूची स्थिती सहसा नीट लिहितात. पण १,००० डॉलरच्या वरची वस्तू सीमाशुल्काच्या दारातून येते. तिथे दहा टक्के जीएसटी, तोही वाहतूक आणि विमा धरलेल्या किमतीवर, वर कागदपत्रांचं शुल्क. म्हणजे ३,५०० चा स्वस्त कॅमेरा ३,९०० च्या पुढे जातो आणि परत पाठवायचा झाला तर पुन्हा टपालखर्च तुमचा.

खासगी विक्रेता की दुकान, यावर माझं मत ठाम आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यात दुकानातून घेतलेल्या वापरलेल्या वस्तूलाही हमी लागू असते. वस्तूचं वय, किंमत आणि सांगितलेले दोष धरून ती वाजवी दर्जाची असायला हवी. शेजारच्या उपनगरातल्या माणसाकडून घेतलीत तर कायदा एवढंच बघतो की वस्तू खरोखर त्याची होती आणि तिच्यावर कुणाचं लपवलेलं कर्ज नाही. आठ दिवसांनी शटर बसलं, तर तो सभ्यपणे वाईट वाटल्याचं सांगेल. दुकान चार-पाचशे डॉलर जास्त घेत असेल, तर पंधरा वर्षांच्या विजेच्या यंत्रासाठी ते मला महाग वाटत नाहीत.

आणि दुकानात गेलातच, तर काचेच्या त्याच कपाटात शेजारी बसलेल्या एम टाइप २४० कडे बघा. २०१२ मध्ये जाहीर झालेला, २४ मेगापिक्सेलचा. यात सीसीडी नाही, सीमॉस आहे, आणि काचेचा तो रोग नाही. जाड आहे, जवळजवळ शंभर ग्रॅमने जड आहे, आणि एम ९ चे भक्त त्याला नाकं मुरडतात. त्यामुळे त्याच्या किमतीला भक्तीचा अधिभार लागत नाही. बॅटरी मोठी. आणि मागच्या पडद्यावर भिंगातून येणारं दृश्य मोठं करून दाखवतो, म्हणजे डोळ्यांनी दगा दिला त्या दिवशी फोकस तिथे तपासता येतो. पंचावन्नच्या माणसासाठी ही सोय म्हणजे काठी आहे, लाजायचं कारण नाही.

“रेंजफाइंडरसारखा दिसणारा” म्हणून फुजीचा एक्स १०० किंवा एक्स-प्रो १ कुणी पुढे करेल. उत्तम कॅमेरे आहेत, पण त्यांत दोन नाकं एक होत नाहीत. ते स्वतः फोकस करतात, फक्त खिडकी कोपऱ्यात आहे. खरं तर पत्रलेखकांच्या कामाला तसला कॅमेरा जास्त बरा आणि पुष्कळ स्वस्त. २०११ चा पहिला एक्स १०० घ्यायचा झाल्यास त्याच्या भिंगातली पाती चिकटण्याचा दोष दुरुस्त झालाय का एवढं विचारा. पण ते लिहितात की कडी हाताने फिरवायची आहे. कडी फिरवायचीच असेल तर मग वरचा सगळा खटाटोप.

तर माझं उत्तर. तुम्ही लिहिलेला एम ९, त्या किमतीला, खासगी माणसाकडून, सेन्सरच्या कागदाशिवाय : राहू द्यावा. सेन्सर बदलल्याचा कागद असेल, आकाशाचा फोटो स्वच्छ येत असेल आणि तो ३,०००च्या आसपास उतरत असेल, तर घ्यावा. ते जमलं नाही तर दुकानातून टाइप २४०. आणि काहीही घेतलंत तरी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. आई येण्याआधी महिनाभर तरी हाताला कडीची सवय व्हायला हवी. विमानतळावर पहिल्यांदा फोकस शिकायला बसलात तर ट्रॉली पुढे निघून जाईल. विमानतळावर फोनच काढा, बायकोच्या हातात द्या. लायका दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, पूर्वेच्या खिडकीशी. वयस्क माणूस प्रवासाच्या थकव्यातून उठल्यावर पहिला चहा सावकाश पितं. तेवढ्यात दोन नाकं एक करायला भरपूर वेळ मिळतो.

मुलांसाठी या लेखाचा थोडक्यात इंग्रजी मजकूर मागच्या अर्ध्या भागात दिलाय, जांभळ्या साडीची हकिकत त्यातही आहे. पत्रलेखकांना एक विनंती : विक्रेत्याला आजच लिहा आणि एफ १६ वर काढलेला आकाशाचा मूळ फोटो, लहान न केलेला, मागवा. आला तर मलाही पाठवा. मंडळाच्या दिवाळी फराळाला मी लॅपटॉप आणतोय, चकल्यांच्या टेबलापासून जरा लांब बसून कोपरे तपासू.